उगम कोठे आहे? : करोनरी धमन्यांच्या जन्मजात विकृतींची प्रस्तावना

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवते, परंतु त्याच्या कप्प्यांतून अखंड वाहणारे रक्त त्याच्या स्वतःच्या जाड स्नायूच्या कामी येत नाही; त्या स्नायूची गरज भागवण्यासाठी महाधमनी हृदयातून बाहेर पडते न पडते तोच तिच्या मुळाशी दोन बारीक धमन्या फुटतात आणि हृदयाच्या पृष्ठभागावरून शाखा-उपशाखा देत स्नायूच्या आत शिरतात. या धमन्यांचा वेढा मुकुटासारखा दिसतो म्हणून लॅटिनमधील मुकुटवाचक शब्दावरून त्यांना ‘करोनरी’ हे नाव मिळाले. महाधमनीच्या मुळाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीमागे महाधमनीची भिंत थोडी फुगून कोनाड्यासारखी खोलगट जागा तयार होते. या कोनाड्यांना आंतोनिओ मारिया व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीररचनातज्ज्ञाचे नाव दिलेले आहे. डाव्या कोनाड्यातून डावी करोनरी धमनी निघते, उजव्यातून उजवी निघते आणि तिसऱ्या कोनाड्यातून काहीच निघत नाही. डावी धमनी थोड्याच अंतरावर दुभंगते. तिची एक शाखा हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरते, दुसरी डावीकडून वळसा घालून मागे जाते, आणि देहभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या निलयाचा बहुतांश भार या दोघींवर असतो.

जन्मतःच ही मांडणी बिघडलेली असू शकते. धमनी भलत्याच ठिकाणाहून निघते, योग्य ठिकाणाहून निघून भलत्या वाटेने जाते, किंवा नीट वाटेने जाऊन भलत्याच ठिकाणी रिकामी होते. उगम, मार्ग आणि शेवट या तीन टप्प्यांवर होणाऱ्या अशा बदलांना मिळून करोनरी धमन्यांच्या जन्मजात विकृती म्हणतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या संस्थेत झालेल्या १,२६,५९५ अँजिओग्रॅमचा, म्हणजे धमन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा, आढावा यामानाका आणि हॉब्ज यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना १.३ टक्के रुग्णांत अशा विकृती आढळल्या आणि त्यांतील सुमारे ८१ टक्के निरुपद्रवी ठरल्या. वळसा घेणारी शाखा उजव्या कोनाड्यातून निघून महाधमनीच्या मागून डावीकडे जाणे, हा वारंवार दिसणाऱ्या विकृतींपैकी एक प्रकार. तो घेऊन माणसे म्हातारी होतात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. या निरुपद्रवी बहुसंख्येमुळेच विषय अवघड झाला आहे, कारण ‘धमन्यांच्या रचनेतील किरकोळ फरक’ अशी एकदा मनाला सवय लागली की ज्या थोड्या प्रकारांत जिवाला धोका असतो तेही त्याच सदरात ढकलले जातात.

हे धोक्याचे प्रकार संख्येने कमी आहेत आणि त्यांतील दोन सर्वांत महत्त्वाचे आहेत. पहिल्यात डावी करोनरी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते; दुसऱ्यात ती महाधमनीतूनच निघते, पण चुकीच्या कोनाड्यातून, आणि महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या मधून वाट काढते. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन प्रकार सहसा एकाच प्रकरणात लागोपाठ येतात, परंतु त्यांनी उभे केलेले प्रश्न परस्परांच्या नेमके उलट आहेत. पहिल्यात उपचार काय करायचा याविषयी आता जाणकारांत मतभेद उरलेला नाही, अडचण आहे ती वेळेवर ओळखण्याची. दुसऱ्यात सीटी स्कॅनमुळे ओळखणे दिवसेंदिवस सोपे होत चालले आहे, पण ओळखल्यानंतर काय करावे हा निर्णय कठीण आहे. हा भेद मनात पक्का ठेवला तर या विषयातील पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो, म्हणून पुढील विवेचन त्याच धोरणाने केले आहे.

परिभाषेविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. मराठी विश्वकोशाने हृदयापासून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीसाठी ‘रोहिणी’ आणि हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीसाठी ‘नीला’ हे शब्द स्वीकारले. ते सुंदर आहेत, परंतु शाळेच्या पुस्तकांतून आणि रुग्णालयांतून ‘धमनी’ हाच शब्द रुळला असल्याने येथे तोच वापरला आहे. ‘करोनरी’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे, कारण अँजिओग्राफीचा कागद हातात घेऊन बसलेल्या कुटुंबाला तोच शब्द ओळखीचा असतो.

या विकृती मुळात होतात कशा, याचे उत्तर गर्भविज्ञानात शोधावे लागते. दीर्घकाळ अशी समजूत होती की करोनरी धमन्या महाधमनीतून कोंबासारख्या बाहेर फुटतात; १९८० च्या दशकाच्या अखेरीस लायडन येथील संशोधकांनी गर्भावस्थेतील हृदयांचा सूक्ष्म अभ्यास करून दाखवले की घडते ते याच्या उलट. हृदयाच्या पृष्ठभागावर आधी केशवाहिन्यांचे जाळे तयार होते, ते महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मुळांना वेढते, आणि त्या जाळ्यातील धागे बाहेरून आत जाऊन महाधमनीची भिंत भेदतात. झाडाला फांदी फुटावी तसे हे नाही, तर ओढ्याने नदीचा काठ फोडून तिला मिळावे तसे आहे. त्या वेळी महाधमनी आणि फुप्फुसधमनी एकमेकींना अगदी खेटून असतात, तेव्हा एखादा धागा शेजारच्या कोनाड्यात किंवा थेट शेजारच्या धमनीत शिरला, तर तेथेच आयुष्यभराचा उगम कायम होतो.

फुप्फुसधमनीतून निघणाऱ्या डाव्या करोनरी धमनीचा विकार सुमारे तीन लाख जिवंत जन्मांमागे एका बाळात आढळतो. फुप्फुसधमनीतून उगवलेल्या करोनरी धमनीचे वर्णन डब्लिन येथील शरीररचनातज्ज्ञ ब्रुक्स यांनी १८८५ च्या सुमारास केले होते आणि अब्रिकॉसॉफ यांनी १९११ मध्ये अशा विकृतीने दगावलेल्या एका बाळाचे हृदय अभ्यासले होते, परंतु जिवंत बाळातील लक्षणे आणि मृत्यूनंतर दिसलेली रचना यांची सांगड घालण्याचे श्रेय बॉस्टनच्या ब्लांड, व्हाइट आणि गारलंड या तिघांकडे जाते. १९३३ मध्ये त्यांनी एका तीन महिन्यांच्या बाळाची हकीकत प्रसिद्ध केली. दूध पिताना त्या बाळाला अस्वस्थतेचे झटके येत, ते पांढरेफटक पडे, घामाने भिजे, आणि त्याच्या ईसीजीत प्रौढ माणसाच्या हृदयविकारात दिसतात तसे बदल होते. दूध ओढणे हाच तान्ह्या बाळाचा सर्वांत मोठा व्यायाम असतो. जिना चढताना प्रौढाच्या छातीत जे दुखते तेच या बाळाच्या छातीत दूध पिताना दुखत असले पाहिजे, हा त्या तिघांचा निष्कर्ष आजही बालहृदयरोगशास्त्रातील निरीक्षणाचा उत्तम नमुना मानावा लागतो.

या विकाराची गती समजण्यासाठी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काय घडते ते पाहावे लागते. गर्भात फुप्फुसे श्वासासाठी वापरात नसतात आणि फुप्फुसधमनीतील दाब महाधमनीइतकाच असतो, म्हणून तिच्यातून निघणाऱ्या करोनरी धमनीतही पुरेसे रक्त जाते आणि बाळ वरकरणी निरोगी जन्मते. जन्मानंतर फुप्फुसे उघडतात, दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या काळात फुप्फुसधमनीतील दाब उतरत जातो, आणि डाव्या निलयाच्या स्नायूला मिळणारे रक्त आटू लागते. फुप्फुसधमनीतील रक्तात प्राणवायू कमी असतो हे खरे, पण संकट केवळ तेवढ्याने येत नाही. दाब उतरल्यावर प्रवाहाची दिशाच उलटते. उजव्या करोनरी धमनीतून जोडवाहिन्यांमार्गे डावीकडे आलेले रक्त स्नायूत शिरण्याऐवजी कमी दाबाच्या वाटेने फुप्फुसधमनीत निघून जाते, म्हणजे ज्या वाहिनीने स्नायूला रक्त द्यायचे तीच त्याचे रक्त काढून नेते. या चोरट्या प्रवाहाची खात्री १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील सॅबिस्टन, नील आणि हेलन टाउसिग यांनी पटवून दिली. शस्त्रक्रियेच्या वेळी धमनी तिच्या उगमाशी तात्पुरती बंद करताच तिच्यातील दाब कमी होण्याऐवजी वाढला, आणि रक्त फुप्फुसधमनीतून येत नसून तिकडे जात आहे हे निर्विवाद सिद्ध झाले.

रक्ताविना डाव्या निलयाचा स्नायू दुबळा होतो, निलय फुगतो, आणि झडपेच्या दोऱ्या ज्या लहान स्नायूंना बांधलेल्या असतात तेही निकामी होऊ लागल्याने डाव्या बाजूची द्विदल झडप गळू लागते. बाळ थांबून थांबून पिते, पिताना त्याच्या कपाळावर घाम साचतो, श्वास जलद चालतो, वजन वाढत नाही. ओठ निळे पडत नाहीत आणि छातीत मर्मर आवाज कधी असतो, कधी नसतो, त्यामुळे ‘जन्मजात हृदयविकार’ या शब्दांनी जी चित्रे डोळ्यांपुढे येतात त्यांत हे बाळ बसत नाही. घरात त्याच्या पोटाला हिंगाचा लेप लावला जातो, गुटी उगाळून दिली जाते, दृष्ट काढली जाते. दवाखान्यात पोटशूळ, छातीतील कफ, न्यूमोनिया अशी निदाने होतात. यात कोणाचाही दोष काढण्याचे कारण नाही, कारण पोटशूळ हजारो बाळांना होतो आणि हा विकार लाखांत एखाद्याला. तरीही रडणाऱ्या दोन बाळांतील एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पोटशुळाचे बाळ रडताना लालबुंद होते आणि एरवी जोमाने दूध ओढते. हृदयाला रक्त न मिळणारे बाळ रडताना पांढरे पडते, घामेजते आणि दूध सोडून देते.

निदानाची खरी कसोटी मात्र पुढच्या टप्प्यावर लागते. छातीच्या क्ष-किरण चित्रात हृदय मोठे दिसते, इकोकार्डिओग्राफीत, म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेल्या हृदयचित्रात, डावा निलय फुगलेला आणि मंद आकुंचन पावणारा दिसतो, आणि अहवालावर ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’ हे शब्द लिहिले जातात. या शब्दांचा अर्थ हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय फुगले आहे एवढाच. ते वर्णन आहे, कारण नव्हे. पण एकदा लिहिले गेले की ते निदानाची जागा घेतात, बाळाला औषधे सुरू होतात, आणि शस्त्रक्रियेने बरा होणारा आजार असाध्य समजून सांभाळला जातो. म्हणून फुगलेल्या हृदयाच्या प्रत्येक तान्ह्या बाळात, विरुद्ध पुरावा हाती येईपर्यंत, डावी करोनरी धमनी चुकीच्या जागी आहे असेच गृहीत धरावे, हा नियम बालहृदयरोगतज्ज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना देतात आणि तो अक्षरशः पाळण्यासारखा आहे.

विरुद्ध पुरावा कशाला म्हणायचे, हेही नीट समजून घेतले पाहिजे. ईसीजीमध्ये पहिले लीड, एव्हीएल आणि छातीच्या डाव्या बाजूची व्ही-४ ते व्ही-६ ही लीड्स यांत खोल क्यू लहरी दिसल्या तर संशय बळावतो. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते आणि तिला खर्च नगण्य येतो. इकोमध्ये उजवी करोनरी धमनी वाजवीपेक्षा रुंद दिसणे, झडपेचे लहान स्नायू पांढरे चकचकीत दिसणे, निलयाच्या मधल्या पडद्यात जोडवाहिन्यांचे प्रवाह रंगीत ठिपक्यांसारखे दिसणे, या खुणा शोधायच्या असतात. केवळ ‘डावी धमनी महाधमनीला जोडलेली दिसते’ एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे, कारण हृदयावरणाची एक घडी नेमकी त्या जागी असते आणि तिच्यामुळे नसलेला जोड असल्याचा आभास होतो. निर्णायक खूण म्हणजे प्रवाहाची दिशा. रंगीत डॉपलरची, म्हणजे रक्तप्रवाहाची दिशा रंगांतून दाखवणाऱ्या तपासणीची, वेगमर्यादा खाली आणून पाहिले असता डाव्या धमनीतील रक्त उलट दिशेने वाहत आहे आणि फुप्फुसधमनीत एक छोटी धार येऊन पडत आहे असे दिसले, तर शंकेला जागा राहत नाही. इतके करूनही उगम स्पष्ट होत नसेल तर सीटी अँजिओग्राफी करावी. आजच्या यंत्रांवर ती तान्ह्या बाळातही काही क्षणांत होते. आणखी एक सापळा अनुभवी डोळ्यांनाही फसवतो. बाळाला त्याच वेळी जन्मजात मोठे छिद्र किंवा उघडी राहिलेली धमनीनलिका असेल तर फुप्फुसधमनीतील दाब चढाच राहतो आणि करोनरी विकृती झाकली जाते. छिद्र यशस्वीपणे बंद केल्यावर दाब उतरतो आणि मग हृदय कोलमडते.

उपचारांचा इतिहास तीन पायऱ्यांचा आहे. प्रवाह उलटा आहे हे कळल्यावर धमनी उगमाशी बांधून टाकावी, म्हणजे निदान चोरी तरी थांबेल, असा पहिला विचार झाला. त्याने काही बाळे वाचली, परंतु हृदय एकाच करोनरी धमनीवर जगू लागले आणि पुढे आकस्मिक मृत्यूची टांगती तलवार कायम राहिली. १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे डेंटन कूली यांनी पायातील नीला जोडून पर्यायी मार्ग तयार केला, पण तान्ह्या बाळाच्या बारीक वाहिन्यांत असे जोड टिकणे कठीण होते. १९७४ मध्ये नेचेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डावी धमनी तिच्या उगमाभोवतीच्या भिंतीच्या चकतीसह फुप्फुसधमनीतून कापून थेट महाधमनीत बसवली. १९७९ मध्ये जपानचे ताकेउची यांनी, उगम फार दूर असलेल्या बाळांसाठी, फुप्फुसधमनीच्या आतून बोगदा तयार करून रक्त महाधमनीतून आणण्याची रीत सांगितली. यांपैकी थेट पुनर्रोपण ही आजची प्रमाण शस्त्रक्रिया आहे. तिच्याविषयी सर्वत्र आत्मविश्वास निर्माण झाला तो एका वेगळ्याच विकारामुळे: महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेल्या नवजात बाळांत त्या पुन्हा जागच्या जागी आणण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलचे अदीब जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केली, आणि त्या शस्त्रक्रियेत करोनरी धमन्या हलवणे अपरिहार्य असल्याने एका पिढीच्या शल्यविशारदांचे हात या नाजूक कामाला सरावले.

शस्त्रक्रियेनंतरचे दृश्य या विषयातील सर्वांत आशादायक भाग आहे. रक्ताअभावी मंदावलेला स्नायू सगळाच मेलेला नसतो. त्याचा मोठा भाग उपासमारीत काम बंद करून तग धरून राहिलेला असतो, आणि योग्य दाबाचे, प्राणवायूने भरलेले रक्त मिळू लागताच तो हळूहळू जागा होतो. पहिले काही दिवस हृदयाला औषधांचा आणि कधी एक्मो या कृत्रिम रक्ताभिसरण यंत्राचा आधार लागतो, परंतु पुढच्या काही महिन्यांत निलय आकाराने आटोपतो, आकुंचन सुधारते आणि पुष्कळ बाळांत झडपेची गळतीही वेगळी दुरुस्ती न करता कमी होते. शस्त्रक्रिया न झाल्यास पहिल्या वर्षातच सुमारे ९० टक्के बाळे दगावतात, हा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. उरलेली थोडी मुले उजव्या धमनीच्या भरघोस जोडवाहिन्यांवर मोठी होतात आणि तरुणपणी धाप, झडपेची गळती किंवा अनियमित ठोके घेऊन तज्ज्ञांपुढे येतात. त्यांनाही शस्त्रक्रिया लागतेच.

महाराष्ट्रात वर्षाला सुमारे अठरा ते वीस लाख बाळे जन्मतात, म्हणजे तीन लाखांत एक या हिशेबाने दरवर्षी सहा-सात बाळे हा विकार घेऊन येत असली पाहिजेत, आणि देशभरात सत्तर-ऐंशी. आकडा लहान आहे, पण तो केवळ कागदावरचा नाही. ही बाळे कोठेतरी जन्मतात आणि कोठल्या तरी दवाखान्याच्या पायऱ्या चढतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला आणि त्यात जन्मजात हृदयविकारांची तपासणी व उपचार यांचा समावेश आहे, त्यामुळे ओळखल्या गेलेल्या बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत नेणारी वाट आज अस्तित्वात आहे. त्या वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आशा सेविकेला आणि गावच्या डॉक्टरला या विकाराचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. दूध पिताना घामाने भिजणारे बाळ हृदयाच्या तपासणीस पाठवायचे, एवढे ठाऊक असले तरी पुरे.

इतर काही विकृतींचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. करोनरी धमनी हृदयाच्या एखाद्या कप्प्यात किंवा फुप्फुसधमनीत थेट उघडत असेल तर त्या जोडाला भगेंद्र म्हणतात. मोठे भगेंद्र कॅथेटरने गुंडाळी बसवून किंवा शस्त्रक्रियेने बंद करतात, छोटे बहुधा केवळ पाहत राहिले तरी चालते. धमनीचा काही भाग स्नायूच्या पुलाखालून जाणे हे इतके सर्रास आढळते की त्याला विकृती म्हणावे की नाही याचाच वाद आहे. निळ्या बाळांच्या फॅलोच्या चतुर्विकृतीत मात्र एक मुद्दा शल्यविशारदाने विसरता कामा नये: थोड्या रुग्णांत पुढची उतरती शाखा उजव्या धमनीतून निघून नेमकी तेथूनच आडवी जाते जेथे शस्त्रक्रियेत छेद द्यायचा असतो.

दुसऱ्या मोठ्या विकृतीकडे वळताना सगळे चित्र बदलते. येथे रुग्ण तान्हे बाळ नसून शाळकरी मुलगा, धावपटू किंवा भरतीसाठी सराव करणारी तरुणी असते, ईसीजी निर्दोष असतो, इको करणाऱ्याचे लक्ष नसेल तर तोही निर्दोष दिसतो, आणि कित्येकदा पहिले लक्षण हेच शेवटचे ठरते. चुकीच्या कोनाड्यातून निघालेल्या डाव्या धमनीकडे गांभीर्याने पाहायला लावले ते चाइटलिन, डी कॅस्ट्रो आणि मॅकॲलिस्टर यांच्या १९७४ च्या शोधनिबंधाने. डावी धमनी उजव्या कोनाड्यातून निघालेल्या ३३ जणांपैकी ९ जण अकस्मात मृत्यू पावल्याचे त्यांना आढळले. अमेरिकी सैन्यात १९७७ ते २००१ या काळात दाखल झालेल्या ६३ लाख नवशिक्या सैनिकांच्या अभ्यासात, हृदयात निश्चित दोष सापडलेल्या ६४ आकस्मिक मृत्यूंपैकी २१ मृत्यू याच विकृतीचे निघाले. बास्सो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये करोनरी विकृतीने दगावलेल्या २७ तरुण खेळाडूंची माहिती तपासली, तेव्हा ज्या नऊ जणांचा ईसीजी आधी काढलेला होता त्या नवांचाही तो सामान्य होता आणि ज्या सहा जणांनी श्रमचाचणी दिली होती त्या सहांचीही ती सामान्य होती. नेहमीच्या तपासण्या निर्दोष आल्या म्हणून या विकृतीची शंका सोडता येत नाही, हे या छोट्या आकड्यांनी कायमचे शिकवले.

मृत्यू नेमका कशाने येतो, याचे जुने उत्तर असे होते की श्रमाच्या वेळी महाधमनी आणि फुप्फुसधमनी फुगतात आणि मधली धमनी कात्रीत सापडल्यासारखी दाबली जाते. हे चित्र डोळ्यांपुढे सहज उभे राहते म्हणून टिकले, पण ते पूर्ण खरे नाही, कारण फुप्फुसधमनीतील दाब करोनरी धमनीतील दाबापेक्षा पुष्कळ कमी असतो आणि कमी दाबाची नळी जास्त दाबाची नळी चिरडू शकत नाही. धमनीच्या आत सूक्ष्म ध्वनियंत्र नेऊन पाओलो अँजेलिनी आणि इतरांनी घेतलेल्या चित्रांवरून आता अधिक सुसंगत स्पष्टीकरण मिळाले आहे. अशी धमनी महाधमनीतून निघाल्यावर काही अंतर तिच्या भिंतीच्या आतूनच जाते. तिचे तोंड गोल नसून फटीसारखे असते, ती तिरकस कोनात निघते, आणि भिंतीतला तिचा भाग चपटा असतो. श्रमात महाधमनीची भिंत ताणली की हा चपटा भाग आणखी चपटा होतो आणि नेमकी हृदयाला जास्त रक्त हवे असते तेव्हाच ते कमी पडते.

येथून निर्णयाचा अवघड प्रदेश सुरू होतो. डावी धमनी उजव्या कोनाड्यातून निघून दोन मोठ्या धमन्यांच्या मधून जात असेल आणि श्रमात छातीत दुखणे किंवा भोवळ येणे असे काही घडले असेल, तर शस्त्रक्रिया करावी याविषयी दुमत नाही. बहुतेकदा भिंतीतल्या भागाचे आतले छत कापून तोंड योग्य कोनाड्यापर्यंत रुंद करतात. या पद्धतीचे प्रारंभीचे वर्णन मुस्तफा, याकूब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये केले. परंतु उजवी धमनी डाव्या कोनाड्यातून निघण्याचा प्रकार कित्येक पटींनी जास्त आढळतो, त्यातील धोका कितीतरी कमी असतो, आणि तो आता दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये योगायोगाने दिसतो. लक्षणे नसलेल्या अशा माणसाची छाती उघडायची की त्याला निर्धास्त खेळू द्यायचे, याचे साचेबंद उत्तर नाही. फटीसारखे तोंड, भिंतीतल्या भागाची लांबी, श्रमाच्या वेळी स्नायूला रक्त कमी पडते का याची प्रतिमांसह घेतलेली चाचणी, वय आणि व्यायामाची तीव्रता यांचा एकत्र विचार करूनच निर्णय घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेलाही धोका आहे, छत उघडताना झडपेची पाकळी सैल होऊ शकते, म्हणून केवळ चित्र भीतिदायक दिसते या कारणाने कोणालाही टेबलावर घेणे योग्य नाही. वळसा घेणाऱ्या निरुपद्रवी शाखेचा बाऊ करून कुटुंबाला घाबरवणे हेही तितकेच अयोग्य.

निसर्गाची सहनशक्ती किती असू शकते याचे एक सार्वजनिक उदाहरण अमेरिकेतील बास्केटबॉलपटू पीट मॅराविच यांचे. दहा हंगाम व्यावसायिक पातळीवर खेळलेला हा खेळाडू ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, मित्रांबरोबर खेळताना कोसळला, आणि शवविच्छेदनात त्याला डावी करोनरी धमनी नव्हतीच असे दिसले. एका धमनीवर हृदय वर्षानुवर्षे उच्च दर्जाचा खेळ पेलू शकते. पेलत आहे म्हणून सुरक्षित आहे, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या मैदानावर दरवर्षी हजारो तरुण १६०० मीटर धावतात आणि गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे त्याचा सराव करतात. धावून झाल्यावर उन्हाने किंवा उपाशीपोटी चक्कर येणे वेगळे आणि ऐन धावताना भान हरपून पडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हृदयाची पूर्ण तपासणी होऊन दोन्ही करोनरी धमन्यांचे उगम पाहिले जाईपर्यंत त्या तरुणाने पुन्हा धावू नये. आणि दुर्दैवाने एखादा तरुण मैदानावरच गेला, तर शवविच्छेदन करणाऱ्याने महाधमनीचे मूळ उघडून तिन्ही कोनाडे पाहावेत, कारण हृदय नेहमीच्या पद्धतीने आडवे कापले की हा पुरावा नजरेतून सुटतो आणि त्या घरातील धाकट्या भावंडांना कोणता सल्ला द्यायचा हे कोणालाच कळत नाही.

या विवेचनाचा वाचक डॉक्टर असेल तर त्याच्याकडे एकच विनंती आहे. लहान मुलाच्या प्रत्येक इको अहवालात डाव्या आणि उजव्या करोनरी धमनीचा उगम कोठे दिसला ते एका ओळीत लिहावे, प्रवाहाची दिशा लिहावी, आणि उगम दिसला नसेल तर ती ओळ रिकामी न सोडता ‘दिसला नाही’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढचा डॉक्टर तो शोधू लागेल.